मीठ न घालता

शिनासच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर
खलफान बिन सुलैयमचं शेत.
दर तीन महिन्यांनी मी मोजायला येते,
काखेत फाइल, हातात खार मोजायचं यंत्र.
तो मला मुहंदिसा म्हणतो.
इंजिनियर नाही हो, मी सांगते, नुसती मोजणीवाली.
तो म्हणतो, आमच्या दारात जे येऊन मोजतं
तेच सरकार.

विहीर त्याच्या आजोबांनी खणलेली.
आधी गोड होती, मग मचूळ झाली
(मचूळला अरबी शब्द सापडेना,
मी तोंड वाकडं करून दाखवलं,
तो हसला : तीच, तीच चव)
आणि एका उन्हाळ्यात लिंबाच्या बागेनं पानं टाकली,
एकशे चाळीस झाडांनी, ओळीनं,
शाळेत हजेरी चाललेली असावी
आणि कुणीच ओ देऊ नये, तशी.

आता त्याच वाफ्यांत समुद्र सोडतात.
पंप सरकारचा, पाइप सरकारचे,
फेद्दानमागे रियाल, बियाच्या किलोमागे बैसा,
पाच वर्षं खरेदीची हमी.
बियातून तेल, तेलातून विमानाचं इंधन.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खलफाननं
फहूदच्या दिशेला मान वळवली.
थोरला भाऊ बत्तीस वर्षं तिथल्या विहिरींवर होता,
तेलाच्या.
"तिथे जमिनीत असताना मला का पेरायला लावतात?"
मी छापील उत्तर दिलं : हवा, धूर, उद्या.
पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसं त्यानं ऐकून घेतलं.
"म्हणजे भावानं उपसलं
ते मी पेरून भरायचं."
इतकं नेमकं आमच्या पत्रकात नाही.

माझं गाव धरमतरच्या खाडीकाठी.
उधाणाच्या रात्री बाबा कंदील घेऊन बांधावर.
खांड पडली की गावभर हाक,
चिखल, पेंढा, माणसाची पाठ,
मिळेल ते लावून बुजवायची.
खारं पाणी आत आलं तर तीन वर्षं भात नाही
हे मला मुळाक्षरांच्या आधी कळलेलं.
आणि इथे मी
झडप पूर्ण उघडली आहे ना ते बघते
आणि कागदावर बरोबरची खूण करते.
पहिल्या दिवशी हात अडखळला होता.
बाबांना फोनवर अजून सांगितलेलं नाही.

वाफ्यात मोफिज, सिल्हेटचा,
घोट्यांपर्यंत खारात.
टाचांच्या भेगांना तो खोबरेल लावतो.
अनुदान फेद्दानला आहे, टाचांना नाही;
मी दोनदा वर लिहून पाठवलं.

पीक वीतभर वाढलेलं.
बिनपानांचं, गाठीगाठीचं, काचेसारखं हिरवं.
एक शेंडा सहज मोडला, चावला
आणि खाडीकाठची माझी सगळी दुपार तोंडात फुटली.
मोरस! म्हणजे मोरस नव्हे, पण त्याचीच कुणी सख्खी.
दारातून शम्सा बघत होती.
"खातात हे?"
"खातात. फक्त मीठ घालायचं नाही."

अट क्रमांक अकरा : पीक अन्य कारणासाठी वापरू नये.
शम्साला वाचता येतं. तिनं वाचलीही होती.
तरी तिनं लसूण ठेचला,
काशा नावाची त्यांची सुकी मासळी चुरडली,
दोन मुठी हिरवं कढईत टाकलं
आणि सवयीनं मिठाकडे गेलेला हात
स्वतःच मागे घेतला.
मोफिजलाही बोलावलं. तो आधी पाय धुऊन आला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

निघताना अर्ज पुरा करायचा होता.
घट : दोन मुठी.
कारणाचे पर्याय छापलेलेच होते :
वारा, कीड, पक्षी.
मी पक्ष्यांवर खूण केली.
खलफान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.
"किती होते, विचारलं तर?"
"चार," मी म्हटलं.